घाटाची पायरी ते मोबाइलचा पडदा : संरचित मजकुराच्या निर्मितीची शिस्त

वाराणसीतील दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या मध्ये अहिल्याबाई घाट आहे. माळव्यातील होळकर राज्याची धुरा सांभाळणाऱ्या अहिल्याबाई होळकर (१७२५-१७९५) यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधविला. काशी विश्वनाथाच्या मंदिराची १७८० मध्ये झालेली उभारणीही त्यांचीच. भोसले घाट आणि सिंधिया घाट ही नावेही गंगाकाठच्या मराठी वावराची साक्ष देतात. आजही महाराष्ट्रातून येणारा यात्रेकरू या परिसरात आवर्जून उतरतो.

पावसाळ्यात मात्र या घाटांचे रूप पालटते. गंगेची पातळी वाढू लागली की एकेक पायरी पाण्याखाली जाते, घाटांना परस्परांशी जोडणारी वाट तुटते, नावा बांधून ठेवाव्या लागतात आणि गंगेच्या आरतीची जागा वर सरकते. मणिकर्णिका व हरिश्चंद्र घाटांवरील अंत्यसंस्कारही उंच जागी किंवा गल्लीत करावे लागतात. केंद्रीय जल आयोगाच्या वाराणसी केंद्रासाठी इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर, तर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर ठरविलेली आहे. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये येथे ७३.९०१ मीटर इतकी विक्रमी पातळी नोंदली गेली. त्यानंतरच्या काळात २०१३, २०१६, २०२१ आणि २०२५ या वर्षांतही गंगेने धोक्याची पातळी ओलांडली.

इशारा आणि धोका यांच्यात अंतर आहे नेमके एक मीटरचे. पाणी ताशी चार सेंटिमीटर या गतीने वाढत असेल, तर हे अंतर कापण्यास पंचवीस तास लागतात. नाविकाने नाव सुरक्षित जागी न्यावी, दुकानदाराने माल वरच्या मजल्यावर चढवावा, धर्मशाळेने वृद्ध यात्रेकरूंना हलवावे, हे सारे या पंचवीस तासांतच व्हावयाचे असते. म्हणून नदीची मोजलेली पातळी माणसापर्यंत किती लवकर आणि किती अचूक पोहोचते, हा जीविताचा व उपजीविकेचा प्रश्न ठरतो. मापन केंद्रावरील आकडा आणि नाविकाच्या हातातील मोबाइल यांच्या दरम्यान आज संगणकांची साखळी उभी आहे. या साखळीत एक यंत्र दुसऱ्या यंत्रासाठी मजकूर लिहिते. तो मजकूर कसा तयार होतो, तो कोठे बिघडू शकतो आणि तो निर्दोष राहावा यासाठी कोणती शिस्त आवश्यक आहे, याचा विचार येथे केला आहे.

बखर आणि खतावणी

'आज सकाळी वाराणसीत गंगा बरीच चढली असून घाटांवर सावधगिरी बाळगावी,' हे वाक्य माणसाला पुरेसे समजते. संगणकाला मात्र 'बरीच' म्हणजे किती, 'सकाळी' म्हणजे केव्हा आणि 'घाटांवर' म्हणजे कोणत्या, हे उमगत नाही. मराठी वाचकाला हा फरक बखर आणि खतावणी यांच्या उदाहरणाने सहज कळेल. बखरीत प्रसंग कथन केलेला असतो. खतावणीत प्रत्येक रकमेला ठरलेले खाते आणि ठरलेला रकाना असतो. रोजकीर्दीतून खतावणी आणि खतावणीतून ताळेबंद काढता येतो तो याच शिस्तीमुळे. कारकून बदलला तरी हिशेब थांबत नाही.

संगणकातील संरचित मजकूर हा खतावणीसारखा असतो. त्याचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिला 'एक्सएमएल'. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याची शिफारस केली. त्यात प्रत्येक माहितीच्या मागे-पुढे तिचे नाव सांगणारी खूण असते. दुसरा 'जेसन'. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास तो पुढे आणला. तो आटोपशीर असून त्यात नाव आणि मूल्य यांच्या जोड्या असतात. एका काल्पनिक नोंदीचे जेसन रूप पुढीलप्रमाणे दिसेल :

{
"केंद्र": "वाराणसी",
"वेळ": "06:00+05:30",
"पातळी": 70.480,
"एकक": "मीटर",
"कल": "वाढता",
"घाट": ["मुन्शी घाट", "अहिल्याबाई घाट", "शीतला घाट"]
}

महिरपी कंसात संपूर्ण नोंद, चौकोनी कंसात यादी, अवतरण चिन्हांत शब्द, आणि अवतरणाविना संख्या, एवढेच या मजकुराचे व्याकरण आहे. या व्याकरणात ढिलाईला जागा नाही. एक स्वल्पविराम राहिला, तर वाचणारा संगणक संपूर्ण नोंद नाकारतो.

असा मजकूर हा केवळ तज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत विवरणपत्रे आणि ई-बीजके जेसन स्वरूपात दिली जातात. ई-बीजकाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवरील उलाढालीपर्यंत आली. युपीआयमधील व्यवहाराचे संदेश एक्सएमएल स्वरूपात जातात. बनारसी साड्यांचा व्यापारी आणि घाटावर चहा विकणारा विक्रेता हे दोघेही, नकळत का होईना, रोज संरचित मजकूर निर्माण करीत असतात.

तुकडे जोडण्याचा धोका

हा मजकूर तयार करण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे शब्दांचे तुकडे एकापुढे एक जोडणे. कार्यक्रम लिहिणारा प्रथम कंस लिहितो, मग 'केंद्र' हा शब्द, मग केंद्राचे नाव, मग स्वल्पविराम, आणि असेच पुढे. दहा नोंदींच्या चाचणीत हे व्यवस्थित चालते. अडचण अकराव्या नोंदीत उद्भवते.

समजा, एखाद्या कर्मचाऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात दुहेरी अवतरण चिन्ह वापरून घाटाचे प्रचलित नाव लिहिले. ते चिन्ह जेसनच्या दृष्टीने शब्द संपल्याची खूण असते. त्यामुळे पुढचा सारा मजकूर विस्कळीत होतो. एक्सएमएलमध्ये हीच गत 'आणि' या अर्थाच्या इंग्रजी खुणेची व 'पेक्षा लहान' या गणिती चिन्हाची होते. मजकुरात ही चिन्हे आली, तर त्यांच्या जागी ठरावीक संकेत घालावा लागतो. तुकडे जोडणाऱ्या पद्धतीत हा बदल प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावा लागतो, आणि आठवणीवर अवलंबून असलेली व्यवस्था पुराच्या रात्री दगा देते. शिवाय हेतुपुरस्सर असा मजकूर घुसवून नोंदीचा अर्थच बदलण्याची वाटही दुष्टबुद्धीच्या व्यक्तीस मोकळी होते.

दुसरा धोका रिकाम्या जागेचा. मापकयंत्र बंद पडले आणि पातळी मिळाली नाही, तर काय लिहावयाचे? निष्काळजी कार्यक्रम तेथे शून्य लिहितो. 'पातळी माहीत नाही' आणि 'पातळी शून्य आहे' या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या शून्यावरून सरासरी काढली गेली, तर चढत्या नदीचा आलेख उतरता दिसू लागेल. जेसनमध्ये 'मूल्य नाही' हे सांगण्यासाठी स्वतंत्र शब्द आहे तो याचसाठी.

वस्तू, वर्ग आणि जबाबदारी

या अडचणींवर वस्तुकेंद्री संगणकभाषांनी चांगला मार्ग दाखविला आहे. या विचाराचा उगम नॉर्वेमध्ये १९६० च्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी घडविलेल्या सिम्युला या भाषेत आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या जावा भाषेने तो जगभर रुजविला. शासकीय, बँकिंग आणि औद्योगिक क्षेत्रांतील असंख्य प्रणाली याच पद्धतीने लिहिल्या जातात.

वस्तुकेंद्री विचाराचे सूत्र असे : माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधाव्यात. छापील अर्जाचा कोरा नमुना म्हणजे 'वर्ग' आणि भरलेला अर्ज म्हणजे 'वस्तू', अशी कल्पना करता येईल. 'पातळीनोंद' नावाचा एक वर्ग घेतला, तर त्यात केंद्र, वेळ, पातळी, एकक आणि कल हे गुणधर्म असतील. सामान्य अर्जापेक्षा हा अर्ज मात्र जागरूक असतो. वेळ न लिहिता तो भरूच देत नाही. पातळीच्या जागी अक्षरे लिहिली, तर तो नकार देतो. पातळी मिळालेली नसेल, तर शून्य न लिहिता 'उपलब्ध नाही' अशीच नोंद घेतो. वस्तू अस्तित्वात आली याचा अर्थ ती प्राथमिक तपासणीतून पार पडली, अशी हमी या रचनेतून मिळते.

आतील माहितीला बाहेरून कोणीही परस्पर हात लावू नये, ही या विचारातील दुसरी अट. तिला बंदिस्तता म्हणता येईल. पातळी बदलावयाची असेल, तर वर्गाने दिलेल्या अधिकृत क्रियेतूनच जावे लागते आणि तेथे पुन्हा तपासणी होते. कार्यालयीन व्यवहारात रोखपालाच्या तिजोरीला जे महत्त्व आहे, तेच येथे या बंदिस्ततेला आहे.

तिसरे तत्त्व बहुरूपतेचे. एकच पातळीनोंद संकेतस्थळासाठी जेसन रूपात, इशारा-यंत्रणेसाठी एक्सएमएल रूपात आणि नाविकासाठी लघुसंदेशाच्या रूपात लिहावी लागते. त्यासाठी 'लेखक' असा एक सर्वसाधारण वर्ग मानून त्याचे तीन वारस करता येतात. प्रत्येक वारस 'लिहा' ही एकच आज्ञा आपापल्या पद्धतीने पाळतो. उद्या रेडिओ केंद्रासाठी चौथे रूप हवे झाले, तर चौथा वारस जोडावा, मूळ नोंदीला हात लावण्याचे कारण पडत नाही. सर्व रूपांचा उगम एकाच वस्तूत असल्याने संकेतस्थळ एक पातळी दाखविते आणि लघुसंदेश दुसरीच सांगतो, अशी विसंगती टळते.

प्रत्यक्ष कंस, अवतरणे आणि संकेत लिहिण्याचे काम जावामधील जॅक्सन किंवा जीसन यांसारख्या तयार ग्रंथालयांवर सोपविता येते. ही ग्रंथालये वस्तूतील गुणधर्म वाचून त्यांचा मजकूर बनवितात आणि विशेष चिन्हांची काळजी एकाच जागी घेतात. ती वापरणारा अडचणीच्या चिन्हांचा विचार करण्याऐवजी नोंदीच्या अर्थाचा विचार करू शकतो.

मराठी अंकांचा प्रश्न

वरील उदाहरणातील संख्या आंतरराष्ट्रीय अंकांत आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. जेसनच्या नियमांनुसार नावे आणि शब्द कोणत्याही लिपीत चालतात. संख्या मात्र याच दहा अंकांत लिहावी लागते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपाचा स्वीकार केलेला आहे, हा योगायोग लक्षणीय आहे.

येथेच भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना एक अनपेक्षित अडथळा येतो. जावासारख्या भाषेत संख्येचे मजकुरात रूपांतर करताना वापरकर्त्याची भाषा व प्रदेश विचारात घेतले जातात. जर्मन पद्धतीत दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम येतो. मराठीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषाविषयक संचात देवनागरी अंक हे मूळ अंक म्हणून नोंदलेले आहेत आणि २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून जावाने हाच संच प्रमाण मानला. परिणामी, मराठीसाठी सिद्ध केलेल्या संगणकावर तुकडे जोडणारा कार्यक्रम चालविला आणि संख्या घडविताना भाषा स्पष्ट केली नाही, तर पातळी '७०.४८०' अशी लिहिली जाऊ शकते. मराठी वाचकासाठी ते रूप उचित आहे. यंत्रासाठी मात्र ती संख्याच नव्हे. परिणामी मराठीची सोय केलेला संगणकच मराठी भाषकाचा इशारा अडवून ठेवील.

उपाय सोपा आहे. यंत्रासाठी लिहिताना भाषानिरपेक्ष रूप वापरावे आणि माणसासाठी लिहिताना त्याच्या भाषेचे. हा निर्णय 'लेखक' वर्गाच्या त्या त्या वारसाने घ्यावा, मूळ नोंदीने केवळ संख्या जपावी.

लिपीचा प्रश्नही असाच आहे. एके काळी भारतीय भाषांतील मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या खासगी संकेतांत बंदिस्त होता. एका कार्यालयातील मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात अगम्य चिन्हांच्या रूपात उघडत असे. युनिकोडने प्रत्येक अक्षरचिन्हाला जगन्मान्य क्रमांक दिला आणि ही कोंडी फुटली. तरीही मोजणी करताना सावध राहावे लागते. 'अहिल्याबाई' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याची दहा चिन्हे होतात आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने तो साठविताना तीस बाइट लागतात. साध्या इंग्रजी लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत केवळ ७० चिन्हे. सत्तराव्या चिन्हावर मजकूर कापला आणि नेमके जोडाक्षर तुटले, तर शब्द विद्रूप होतो. वाक्याच्या अखेरीस येणारा 'जाऊ नये' मधील नकार गळाला, तर अर्थच उलटा होईल. म्हणून लघुसंदेश लिहिणाऱ्या वर्गाने चिन्हे मोजावीत आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आरंभी ठेवावा.

इशाऱ्याचा समान आराखडा

आपत्तीच्या इशाऱ्यासाठी जगाने एक समान आराखडा स्वीकारला आहे. त्याचे नाव 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल', संक्षेपाने 'कॅप'. ओएसिस या मानक संस्थेने तो २००४ मध्ये मान्य केला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही त्याला आपल्या शिफारशींत स्थान दिले. १.२ ही त्याची आवृत्ती २०१० ची आहे. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही व्यवस्था याच आराखड्यावर आधारलेली असून ती सी-डॉट या संस्थेने विकसित केली आहे. मोबाइल मनोऱ्यांच्या क्षेत्रातील सर्व संचांवर एकाच वेळी संदेश उमटविण्याच्या चाचण्या २०२३ मध्ये देशाच्या विविध भागांत घेण्यात आल्या. त्या वेळी मोठ्या आवाजासह पडद्यावर आलेला चाचणी-संदेश अनेकांना स्मरत असेल.

कॅपचा संदेश एक्सएमएल रूपात असतो. त्याच्या प्रारंभी संदेशाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, पाठविणारा, वेळ, स्थिती आणि प्रकार असतो. त्यानंतर धोक्याची निकड, तीव्रता आणि निश्चितता हे तीन स्वतंत्र रकाने येतात. ही फोड विचारपूर्वक केलेली आहे. पूर तीव्र असू शकतो, पण अजून दोन दिवस दूर असतो. एखादा धोका अगदी जवळ असतो, पण त्याची खात्री नसते. माणूस हे सारे 'गंभीर' या एका शब्दात गुंडाळतो. कॅप त्याला तीन वेगळी उत्तरे द्यायला लावते. प्रत्येक रकान्यासाठी मोजकेच पर्याय उपलब्ध असतात. वस्तुकेंद्री भाषेत अशा मोजक्या पर्यायांचा स्वतंत्र प्रकार घडविता येतो, आणि मग यादीबाहेरचा शब्द लिहिणे शक्यच राहत नाही.

माहितीचा विभाग एकाच संदेशात अनेकदा येऊ शकतो आणि प्रत्येक विभागाला आपली भाषा असते. काशीच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. घाटांवर एकाच वेळी हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, बंगाली बोलणारे यात्रेकरू असतात. धोका एक, स्थान एक, वेळ एक, आणि केवळ सूचनेचे शब्द पाच भाषांत, अशी रचना करता येते. पाच स्वतंत्र संदेश हाताने लिहिले, तर त्यांतील एखादा जुना राहण्याचा धोका असतो. एकाच वस्तूतून पाचही विभाग लिहिले गेले, तर आकडे आणि वेळ सर्वत्र सारखेच राहतात.

'स्थिती' हा रकाना किती निर्णायक आहे, हे हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी दिसून आले. तेथील राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेकडून सराव चालू असताना क्षेपणास्त्र हल्ल्याचा खरा इशारा नागरिकांच्या मोबाइलवर गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश त्याच मार्गाने पोहोचण्यास ३८ मिनिटे लागली. कॅपमध्ये 'प्रत्यक्ष', 'सराव' आणि 'चाचणी' या स्थिती वेगळ्या आहेत, तसेच पूर्वीचा इशारा रद्द करणारा संदेश हा एक स्वतंत्र प्रकार आहे. कार्यक्रमाची रचना करताना प्रत्यक्ष इशारा आणि सराव यांचे वर्गच वेगळे ठेवावेत, आणि प्रत्यक्ष इशाऱ्यासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती अनिवार्य करावी. तसेच इशारा ज्या क्षणी तयार होतो, त्याच क्षणी तो मागे घेण्याची सोयही सिद्ध असली पाहिजे.

नाव, संकेतांक आणि स्थान

संरचित माहितीत नावावर विसंबणे धोक्याचे असते. 'अहिल्याबाई' आणि 'अहल्याबाई' अशी दोन्ही रूपे लेखनात आढळतात. माणसाला दोन्ही एकच वाटतात, यंत्राला ते दोन भिन्न घाट वाटतात. अहिल्याबाईंच्या जन्मजिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. चौंडी हे त्यांचे जन्मगाव ज्या जिल्ह्यात येते, त्या अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या आणि नव्या नोंदी नावावरून जोडावयाच्या ठरविल्या, तर आकडेवारीत एक जिल्हा नाहीसा होऊन दुसरा अवतरला असे दिसेल. म्हणून प्रत्येक स्थळाला न बदलणारा संकेतांक असावा आणि नाव हा त्याचा केवळ एक गुणधर्म असावा.

स्थान सांगण्याची गंमत आणखी निराळी आहे. अहिल्याबाई घाट स्थूलमानाने २५.३ अंश उत्तर अक्षांश आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. कॅपमध्ये प्रथम अक्षांश आणि मग रेखांश लिहितात. नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या रूपात, २०१६ च्या मानकानुसार, क्रम उलटा असतो. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना हा क्रम बदलण्याचे विसरले, तर वाराणसीच्या पुराचा इशारा थेट आर्क्टिक महासागरावर, स्वालबार्ड बेटांच्याही उत्तरेस जाऊन पडेल. 'स्थान' असा स्वतंत्र वर्ग करून त्यात अक्षांश आणि रेखांश नावानिशी ठेवले, आणि क्रमाचा निर्णय लेखक वर्गावर सोपविला, तर ही चूक होण्यास वावच राहत नाही.

वेळेच्या बाबतीतही हेच. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. कॅपमध्ये हा फरक आकड्यांत लिहावाच लागतो. तो गाळला आणि वाचणाऱ्या यंत्राने ती जागतिक वेळ मानली, तर साडेपाच तासांची गफलत होते. ताशी चार सेंटिमीटर चढणाऱ्या नदीत एवढ्या वेळात २२ सेंटिमीटर पाणी वाढलेले असते. घाटाची एखादी पायरी तेवढ्यात बुडते.

आकार निर्दोष, आशय सदोष

या साऱ्या शिस्तीची मर्यादाही ओळखली पाहिजे. एक्सएमएल आणि जेसन या दोहोंसाठी आराखडा-तपासणीची साधने आहेत. मजकूर ठरलेल्या आराखड्यात बसतो की नाही, हे ती सांगतात. पातळी ७०.४८० ऐवजी ७०४.८० अशी नोंदली गेली, तरी आराखड्याच्या दृष्टीने ती एक वैध संख्याच असते. म्हणून आकाराच्या तपासणीला अर्थाच्या तपासणीची जोड हवी. वाराणसीची आजवरची कमाल पातळी ७३.९०१ मीटर असताना, तिच्या पलीकडची नोंद आपोआप प्रसारित होऊ नये. तशीच ती आपोआप फेटाळलीही जाऊ नये, कारण विक्रम मोडणारा पूर कधीतरी येऊ शकतो. अशी नोंद तत्काळ जबाबदार अधिकाऱ्यापुढे जावी. मागील तासाच्या तुलनेत असंभाव्य उडी मारणाऱ्या नोंदीलाही हाच न्याय लागू करावा.

शिवाय मापन केंद्रावरील पातळी म्हणजे प्रत्येक घाटाची स्थिती नव्हे. पायऱ्यांची उंची आणि प्रवाहाचे वळण घाटागणिक बदलते. वर्षानुवर्षे नदीवर वावरणारा नाविक पायऱ्यांवरून पाण्याचा अंदाज बांधतो. हे ज्ञान संरचित माहितीत सामावून घेता येईल. कोणत्या पातळीला कोणत्या घाटाची कितवी पायरी बुडते, याची सारणी एकदा तयार केली, तर '७०.४८० मीटर' या आकड्याऐवजी 'अमुक पायरीपर्यंत पाणी' असा संदेश देता येईल. घाटावरील माणसाला तो अधिक सहज कळेल.

खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

अर्थशास्त्राच्या भाषेत पुराचा इशारा ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने तो ऐकला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही. अशा वस्तूवर बाजारपेठ पुरेसा खर्च करीत नाही. ती जबाबदारी शासनाचीच ठरते. केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय माहिती सहभाग व सुलभता धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी खुल्या शासकीय माहितीचे व्यासपीठही सुरू झाले. माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात उपलब्ध व्हावी, हा या धोरणाचा महत्त्वाचा भाग आहे. तक्त्याचे छायाचित्र प्रसिद्ध केल्याने माहिती खुली झाली असे म्हणता येत नाही. ती पुन्हा टंकलिखित करण्याचा खर्च प्रत्येक वापरकर्त्यावर पडतो आणि प्रत्येक टंकलेखनात नवी चूक शिरते.

दुसरा मुद्दा चुकीच्या किमतीचा. घाईने लिहिलेल्या कार्यक्रमात वाचलेले चार दिवस कंत्राटदाराच्या हिशेबात जमा होतात. बिघडलेल्या संदेशाची किंमत मात्र ज्याची नाव वाहून गेली, त्याच्या खर्चात पडते. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असतो, तेथे केवळ सदिच्छेवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून शासकीय प्रणालींच्या निविदांतच काही अटी असाव्यात : मजकूर प्रमाण ग्रंथालयांद्वारेच निर्माण करावा, प्रत्येक संदेश पाठविण्यापूर्वी आराखड्याशी ताडून पाहावा, भारतीय भाषांतील नावे व अंक यांची चाचणी अनिवार्य असावी, आणि स्थळांचे संकेतांक सर्व विभागांत समान असावेत. यांतील एकाही अटीसाठी मोठा खर्च लागत नाही.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत हाहाकार माजविला. कृष्णेचे खोरे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशात पसरलेले आहे. धरणातील विसर्ग एका राज्यात ठरतो आणि त्याचे परिणाम दुसऱ्या राज्यात दिसतात. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या यंत्रणांनी एकमेकींचा मजकूर माणसाच्या मध्यस्थीविना वाचणे अत्यावश्यक आहे.

समारोप

अहिल्याबाईंनी बांधविलेल्या घाटाच्या पायऱ्या ही एका अर्थाने सार्वजनिक सोय आणि सार्वजनिक मोजपट्टी आहे. त्या एकसारख्या आणि पक्क्या आहेत म्हणून त्यांवरून पाणी मोजता येते. संरचित मजकुराकडूनही हीच अपेक्षा असते. तपासलेली एकच नोंद असावी, तिच्यातून सर्व रूपे यंत्राने लिहावीत, आणि प्रत्येक रूप ज्याच्यासाठी आहे त्याला अचूक समजावे. हे साधले, तर इशारा आणि धोका यांच्यामधील तो एक मीटर घाटावरील माणसाला पूर्णपणे वापरता येईल. नाव वेळेत वर ओढली जाईल, आणि दूरवरून आलेल्या यात्रेकरूला आपल्या भाषेत, आपल्या अंकांत, पाणी कोठवर आले आहे हे कळेल.